यजमानाची जागा

जानेवारी 2012. लंडनच्या ओटू अरीनात ऑलिम्पिकची रंगीत तालीम म्हणून भरवलेली जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा सुरू होती. रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या सांघिक प्रकारात ब्रिटनच्या मुली मॅटवर उतरल्या. एका रचनेत पाच जणींच्या हातात पाच चेंडू, दुसरीत तिघींकडे रिबिनी आणि दोघींकडे हूप. दोन्ही मिळून 45.223 गुण हवे होते. प्राथमिक फेरीत ते 0.273 नं कमी पडले. रचना चालू असताना साधन एकदा हातातून निसटलं, तर जेवढे गुण जातात साधारण तेवढाच हा फरक.

या गुणांची अट आंतरराष्ट्रीय महासंघानं घातलेली नव्हती. यजमान देश म्हणून ब्रिटनच्या संघाला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळणारच होती. अट घातली होती मायदेशाच्या संघटनेनं. आपला संघ जगासमोर उभा राहण्याच्या लायकीचा आहे हे आधी सिद्ध करा, मगच जागा घेऊ, अशी तिची भूमिका होती. दुसऱ्या दिवशी त्याच मुलींनी तो आकडा पार केला. संघटना म्हणाली, आम्ही प्राथमिक फेरीचे गुण धरणार. मुली म्हणाल्या, नियमात तसं कुठं लिहिलंय? प्रकरण लवादाकडे गेलं. कोणती फेरी धरायची हे नियमातून स्पष्ट होत नाही, असा निर्वाळा मार्चमध्ये मिळाला आणि निकाल मुलींच्या बाजूनं लागला. ऑगस्टमध्ये वेम्बली अरीनात त्या उतरल्या आणि बारा संघांत बाराव्या आल्या.

बाराव्या आल्या म्हणून त्यांची लढाई चुकीची ठरते, असं मला वाटत नाही. मात्र यजमानाच्या जागेबद्दलचे सगळे प्रश्न या एका प्रसंगात आहेत. ही जागा कोणाची, देशाची की खेळाडूची? ती हक्काची की मेहेरबानीची? आणि ती घेणाऱ्यावर काही ऋण राहतं का?

आपल्याकडे लग्नाकार्यात यजमान शेवटच्या पंगतीला बसतो. आधी पाहुणे जेवतात, मग घरचे. ऑलिम्पिकमध्ये याच्या नेमकं उलटं होतं. कित्येक खेळांत पहिलं पान यजमानाचं मांडलं जातं आणि मग उरलेल्या पानांसाठी जगभर पात्रता स्पर्धा होतात. याला कारणंही तशीच आहेत. स्टेडियम यजमानानं बांधलेलं असतं, खर्च त्याच्या करदात्यानं सोसलेला असतो, तिकिटं घेणारे बहुसंख्य प्रेक्षक त्याच देशाचे असतात. हँडबॉलच्या सामन्याला सहा-सात हजार लोक यायला हवे असतील, तर ज्याच्यासाठी ओरडावं असा एक तरी संघ मैदानात लागतो. शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघांचाही हिशेब असतो. ज्या देशात आपला खेळ रुजलेला नाही, तिथं तो रुजवायची अशी संधी पुन्हा येणार नसते.

पण पानांची संख्या ठरलेली आहे. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंची मर्यादा साधारण 10,500 धरतात. प्रत्येक खेळाला त्यातला वाटा मिळतो आणि तो कसा वाटायचा याचे नियम त्या खेळाचा महासंघ ऑलिम्पिक समितीच्या संमतीनं ठरवतो. म्हणून सवलत सगळीकडे सारखी नसते. तिरंदाजीत यजमानाला पुरुषांचा आणि महिलांचा असे पूर्ण संघ मिळतात, तिघे आणि तिघी. तलवारबाजीत यजमानासाठी आठ जागा राखलेल्या असतात. अ‍ॅथलेटिक्स आणि जलतरणात मात्र असा राखीव कोटा नाही. तिथं घड्याळ सगळ्यांना सारखं. मैदान तुमच्या गावात असलं म्हणून शंभर मीटरची वेळ शिथिल होत नाही. सांघिक खेळांत ही सवलत सर्वांत मोठी असते आणि सर्वांत जास्त बोचतेही, कारण तिथं एका जागेमागे अख्खा संघ आत येतो आणि अख्खा संघ बाहेर राहतो. 2012 च्या पुरुष हँडबॉलमध्ये बारा संघ होते. त्यात ब्रिटन होता आणि 2007 चा जगज्जेता जर्मनी नव्हता. जर्मनी आपल्या पात्रता सामन्यांत कमी पडला हे खरंच. तरीही त्या उन्हाळ्यात घरी बसलेल्या जर्मन खेळाडूला ब्रिटनचे सामने पाहताना काय वाटलं असेल, ते समजण्यासारखं आहे.

ब्रिटनची ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. 6 जुलै 2005 रोजी सिंगापूरमध्ये लंडननं पॅरिसला 54 विरुद्ध 50 मतांनी हरवून यजमानपद मिळवलं. हाती सात वर्षं होती. अ‍ॅथलेटिक्स, रोइंग, सायकलिंग, नौकानयन या खेळांत ब्रिटन मुरलेला होता. हँडबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये मात्र जवळजवळ पहिल्या विटेपासून सुरुवात होती. हँडबॉल हा शेजारच्या डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्समध्ये भरलेल्या सभागृहांत खेळला जाणारा खेळ, पण ब्रिटनमध्ये हौशी मंडळींचा. मग माणसं शोधायची मोहीम निघाली. 2007 मध्ये रोइंगचा विक्रमवीर स्टीव्ह रेडग्रेव्हच्या हस्ते ‘स्पोर्टिंग जायंट्स’ नावाची योजना जाहीर झाली. उंच तरुण-तरुणी हवे होते, पुरुष किमान 190 सेंटिमीटर, महिला किमान 180. पूर्वी काय खेळलात, याला महत्त्व नव्हतं. यांच्यातून हँडबॉल, व्हॉलीबॉल आणि रोइंगसाठी खेळाडू घडवायचे होते. हजारोंनी अर्ज केले. त्यात हेलन ग्लोव्हर होती. उंची पट्टीला पुरावी म्हणून मापं घेताना आपण टाचा उचलल्या होत्या, हे तिनंच नंतर सांगितलं आहे. तोवर ती रोइंगच्या बोटीत बसलेलीही नव्हती. 1 ऑगस्ट 2012 रोजी हीदर स्टॅनिंगच्या जोडीनं तिनं सुवर्णपदक जिंकलं. लंडन ऑलिम्पिकमधलं यजमान देशाचं ते पहिलं सुवर्ण. टाचा उचलून मिळवलेले ते काही मिलिमीटर कारणी लागले.

हँडबॉलसाठी निवडलेल्यांची वाट इतकी सरळ नव्हती. शिकायचं तर शिकवणाऱ्यांच्या देशात जायला हवं, म्हणून बरेच जण डेन्मार्कमधल्या आरहूसला गेले. तिथली भाषा, थंडी, सकाळ-संध्याकाळचा सराव आणि तुटपुंजा भत्ता. 2008 च्या शेवटी मंदीचा फटका बसला. खासगी क्षेत्रातून उभे राहतील असं धरलेले पैसे उभे राहिले नाहीत, आणि सरकारी निधी वाटणाऱ्या यूके स्पोर्टनं पदकाची शक्यता कमी असलेल्या खेळांना कात्री लावली. हँडबॉल, व्हॉलीबॉल, वॉटर पोलो, कुस्ती, वेटलिफ्टिंग असे आठ खेळ त्यात सापडले. सात वर्षांच्या योजनेतली जवळजवळ चार वर्षं अजून शिल्लक होती.

महिला व्हॉलीबॉल संघाची कसोटी याच काळात लागली. शेफील्डमध्ये त्यांचं केंद्र होतं. निधी बंद झाला तेव्हा संघ मोडायचा की चालू ठेवायचा, हे त्यांनाच ठरवायचं होतं. त्यांनी चालू ठेवला. मुलींनी मिळेल ती अर्धवेळ कामं केली आणि पैसे जमवायला शेफील्ड ते लंडन सायकल चालवली. प्रशिक्षक ऑड्री कूपर त्यांच्यासोबत टिकून राहिल्या. 30 जुलै 2012 रोजी अर्ल्स कोर्टच्या सभागृहात त्यांची गाठ अल्जीरियाशी पडली. सामना पाच सेटपर्यंत ताणला गेला आणि ब्रिटननं तो 3-2 असा जिंकला. ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या व्हॉलीबॉल संघानं मिळवलेला हा पहिला विजय. पदकतक्त्यात त्याची नोंद नाही, कारण तक्ता विजय मोजत नाही, पदकं मोजतो. पण यजमानाची जागा कशासाठी असावी, असं मला कुणी विचारलं तर मी याच सामन्याकडे बोट दाखवीन.

हँडबॉलच्या नशिबी तेवढंही नव्हतं. पुरुष पाच सामने खेळले आणि पाचही हरले, महिलांचंही तसंच. फ्रान्सनं पुरुष संघाला 44-15 असं हरवलं आणि पुढे त्याच फ्रान्सनं सुवर्ण जिंकलं. तरी कॉपर बॉक्स नावाचं ते सभागृह दर सामन्याला भरत होतं. ज्या लोकांनी आयुष्यात हँडबॉल पाहिला नव्हता, ते यजमानाच्या पंधराव्या गोललाही उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बास्केटबॉलची कथा वेगळी, कारण तिथं जागा आपोआप मिळालीच नाही. त्या खेळात ब्रिटन असा संघच मुळी नव्हता, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे खेळत. ऑलिम्पिकसाठी ते एकत्र आले आणि युरोपच्या दुसऱ्या फळीतून सुरुवात करावी लागली. जागतिक महासंघ म्हणाला, आधी दाखवा की हा संघ खेळू शकतो आणि ऑलिम्पिकनंतरही टिकणार आहे. पुरुष संघ वर चढत 2009 आणि 2011 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धांना पात्र ठरला. मार्च 2011 मध्ये महासंघाच्या मंडळानं 17 विरुद्ध 3 मतांनी ब्रिटनला जागा दिली. संघाचा आधार होता ल्युओल डेंग. आजच्या दक्षिण सुदानमध्ये जन्मलेला, यादवीमुळे इजिप्तमध्ये आणि तिथून लंडनमध्ये आश्रयाला आलेल्या कुटुंबातला मुलगा, तोवर एनबीएमधला नावाजलेला खेळाडू. या संघानं स्पेनला 79-78 अशा एका गुणाच्या फरकापर्यंत झुंजवलं, आणि त्या स्पेननं पुढे रौप्य नेलं. शेवटच्या सामन्यात त्यांनी चीनला 90-58 असं हरवलं. महासंघाची अट जाचक वाटली होती, पण त्या अटीनंच संघ घडवला, असं माझं मत आहे.

अशा अटी कितपत योग्य, यावर हॉकीनंही आपलं उत्तर दिलं आहे. रिओ 2016 च्या वेळी हॉकी महासंघानं ब्राझीलला स्पष्ट सांगितलं की जागतिक क्रमवारीत ठरावीक स्थान गाठा, नाहीतर 2015 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत पुरेसं वर या. पुरुष संघानं उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवून अट पूर्ण केली. महिला संघाला ते जमलं नाही, म्हणून रिओच्या महिला हॉकीत यजमान देशच नव्हता. आत आलेल्या पुरुषांचंही चांगलं झालं असं नाही. बेल्जियमनं त्यांना 12-0 असं हरवलं.

यजमानाच्या जागेचा धक्का कधी कधी हजारो किलोमीटर दूर बसतो, आणि तो आपल्यालाही बसला आहे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हॉकीचं सुवर्ण जिंकणाऱ्याला टोकियो ऑलिम्पिकचं थेट तिकीट मिळणार होतं. आपले पुरुष उपांत्य सामन्यात मलेशियाकडून हरले, महिला अंतिम सामन्यात जपानकडून 2-1 अशा हरल्या. सुवर्ण दोन्हीकडे जपाननं नेलं. पण जपान टोकियोचा यजमान, त्याचं पान आधीच मांडलेलं! मग आशियाच्या विजेत्याची जागा रिकामी राहिली. ती उपविजेत्याला न देता महासंघानं पात्रता सामन्यांच्या गठ्ठ्यात टाकली, सहाच्या सात जागा केल्या. भारताच्या दोन्ही संघांना नोव्हेंबर 2019 मध्ये भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर दोन-दोन सामन्यांची परीक्षा द्यावी लागली.

पुरुषांनी रशियाला 4-2 आणि 7-1 असं सहज हरवलं. महिलांच्या सामन्यानं मात्र श्वास रोखून धरायला लावला. पहिल्या दिवशी अमेरिकेवर 5-1 असा विजय. चार गोलांची आघाडी म्हणजे तिकीट खिशात, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मध्यंतरापर्यंत अमेरिकेनं चार गोल केले. एकूण गोलसंख्या 5-5. मुलींच्या मागे कलिंगचा प्रेक्षकवर्ग होता, पण पायातलं बळ गेल्यासारखं झालं होतं. शेवटच्या सत्रात 48 व्या मिनिटाला कर्णधार राणी रामपालनं गोल केला. 6-5. त्या एका गोलावर भारत टोकियोला गेला. तिथं महिला संघ चौथा आला आणि पुरुषांनी जर्मनीला 5-4 असं हरवून 41 वर्षांनी हॉकीचं पदक आणलं. राणीचा तो फटका बाहेर गेला असता तर कदाचित टोकियोमधला चौथा क्रमांक नव्हता, आणि त्यानंतर घरोघरी पोचलेली त्या मुलींची नावंही नव्हती.

यजमानाकडे आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे खेळच सोबत आणायचा. 1964 मध्ये टोकियोत ज्युदो आणि व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आले. जपानच्या महिलांनी व्हॉलीबॉलचं सुवर्ण जिंकलं. त्यातल्या बहुतेक जणी एका कापड गिरणीच्या संघातल्या, आणि प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांच्या कडक सरावाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. 2028 मध्ये लॉस एंजेलिसला क्रिकेट येतंय, पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ. सहा पानांच्या पंगतीत यजमानाचं पान मांडायचं म्हणजे एक षष्ठांश पंगत गेली. क्रिकेट खेळणाऱ्या देशांत त्यावर वाद झाल्यावाचून राहणार नाही.

अमेरिकेला ही जागा द्यावी का, या प्रश्नाकडे मला 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या चष्म्यातून पाहावंसं वाटतं. ती बहुक्रीडा स्पर्धा नव्हती, पण यजमानाचा नियम तोच होता. वेस्ट इंडीजसह सहयजमान असल्यामुळे अमेरिकेला थेट प्रवेश मिळाला होता. 6 जून 2024 रोजी डॅलसजवळच्या मैदानावर त्यांचा पाकिस्तानशी सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हर आली. चेंडू हाती घेतला सौरभ नेत्रावळकरनं. मुंबईत वाढलेला, 2010 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, मुंबईकडून रणजी सामना खेळलेला हा डावखुरा वेगवान गोलंदाज. क्रिकेटमध्ये पुढची दारं उघडेनात म्हणून 2015 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला आणि ओरॅकलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनियर झाला. अमेरिकेच्या 18 धावांना उत्तर देताना त्याच्या षटकात पाकिस्तानला 13 धावाच करता आल्या. अमेरिका सुपर आठमध्ये पोचली आणि त्याच जोरावर 2026 च्या विश्वचषकासाठी थेट पात्र ठरली. पहिल्यांदा यजमान म्हणून मिळालेली जागा पुढच्या वेळी खेळून कमावलेली होती. यजमानाच्या जागेचं याहून चांगलं चीज मला तरी आठवत नाही.

ब्रिटनमध्ये हे झालं नाही. लंडनमध्ये ब्रिटननं 541 खेळाडू उतरवले, 29 सुवर्णपदकं जिंकली, रस्त्यांवर मिरवणुका निघाल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुढच्या चार वर्षांच्या निधीची यादी आली आणि बास्केटबॉल, हँडबॉल यांच्यापुढे शून्य होतं. रिओ, टोकियो, पॅरिस, तिन्ही ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा हँडबॉल संघ नव्हता, व्हॉलीबॉल संघही नव्हता. आरहूसच्या थंडीत घालवलेली वर्षं, शेफील्डहून मारलेली ती सायकल, हे सगळं एका उन्हाळ्यापुरतं ठरलं. खेळाडूंनी आपल्या वाट्याचं ऋण फेडलं होतं. देशानं फेडलं नाही, असं मी म्हणेन.

आणि हे आपण परक्याच्या घरातलं म्हणून बोलू शकत नाही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारतानं 101 पदकं जिंकली, त्यातली 38 सुवर्ण. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा स्टेडियमचा तो गजर महाराष्ट्रात घराघरांत ऐकू आला. त्याच दिवसांत त्यागराज संकुलात भारताचा महिला नेटबॉल संघ प्राची तेहलानच्या नेतृत्वाखाली खेळत होता. नेटबॉलमध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, जमैका हे दादा संघ. आपण यजमान होतो, म्हणून त्यांच्या पंगतीत बसलो. त्यानंतर 2014 मध्ये ग्लासगो, 2018 मध्ये गोल्ड कोस्ट आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅम इथं राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. एकाही ठिकाणी भारताचा नेटबॉल संघ नव्हता.

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे आणि ठरलेल्या खेळांत नेटबॉल आहे. त्या कोर्टवर उतरणारी मुलगी आज शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर खेळते आहे. तिच्यासाठी प्रशिक्षक आणि परदेशी संघांशी सामने आत्ताच ठरायला हवेत, आणि 2030 नंतरच्या चार वर्षांचा निधी स्पर्धेआधीच कागदावर यायला हवा.